कुंपणानेच शेत खाऊ नये

कारखान्यांचे बॉयलर पेटले आणि ऊसतोड सुरू झाली, की भीमा-घोडच्या पट्ट्यात दोन गोष्टी हमखास घडतात. रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, आणि वर्षभर उसात पोसलेली रानडुकरे उघड्यावर पडून रातोरात शेजारच्या बागेत शिरतात. सकाळी मालक जाऊन पाहतो तो ठिबकच्या नळ्या फाटलेल्या, झाडांची बुडे उकरलेली, खालच्या फांद्या मोडून पडलेल्या. मग दुपारी तो आमच्याकडे येतो आणि एकच प्रश्न विचारतो, "साहेब, बागेला जाळी मारायचीय. काय खर्च येईल?"

या प्रश्नाला मी अलीकडे लगेच उत्तर देत नाही. उलट विचारतो, "तुमचं रान किती फूट रुंद, किती फूट लांब? आणि शेजारी कोण?" माणूस जरा गोंधळतो. जाळीचा आणि शेजाऱ्याचा काय संबंध, असे त्याच्या तोंडावर दिसते. तो संबंध काय, हेच आज बंधू-भगिनींसमोर मांडायचे आहे.

पूर्वी आपल्या भागात कुंपण म्हणजे बाभळीची काटी. पेरणी झाली की फांद्या तोडून बांधावर दाबायच्या, सुगी झाली की त्याच चुलीत घालायच्या. कुठे शेर, कुठे निवडुंग, कुठे घायपात. पैसा लागत नव्हता, घरचे हात लागत होते. १९९० साली रोजगार हमी योजनेतून फळबागा सुरू झाल्या आणि कोरडवाहू रानातही बोर, सीताफळ, डाळिंब उभे राहिले. आज कान्हूर मेसाईच्या बाजूला डाळिंब आहे, दौंडमधल्या खोरचा अंजीर बाजारात नावाने विकला जातो. झाड एकदा लावले की पंधरा-वीस वर्षांचा संसार असतो. त्याला काटी पुरत नाही. शिवाय काटी तोडायला बाभळी राहिल्या नाहीत आणि दाबायला माणसे मिळत नाहीत. म्हणून जाळी आली, आणि ती यायलाच हवी होती. जाळी लावू नका असे माझे म्हणणे मुळीच नाही. ती कशी लावायची आणि कोणाबरोबर लावायची, एवढाच मुद्दा आहे.

आधी हिशेब पाहू. लोखंडाचा दर दर महिन्याला बदलतो, फूट काही बदलत नाहीत. म्हणून हिशेब फुटातच करू.

एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. हे रान बरोबर चौरस असेल तर एक बाजू साधारण २०९ फूट येते आणि चारी बाजूंची जाळी सुमारे ८३५ फूट लागते. पण आपल्याकडे चौरस रान आहे कुणाचे? १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याने गट पाडले, तरी नंतर घरात वाटण्या झाल्याच. वाटणी करताना प्रत्येकाला विहिरीकडची बाजूही हवी आणि रस्त्याकडचीही हवी. म्हणून रान उभे चिरले जाते. ६६ फूट रुंद आणि ६६० फूट लांब असा पट्टा घ्या. तोही एक एकरच. पण त्याला चारी बाजूंनी जाळी लागते १,४५२ फूट. म्हणजे त्याच एका एकराला चौरस रानाच्या पावणेदोन पट जाळी. खांब दहा फुटांवर धरला तर १४५ खांब.

आता असे चार भाऊबंदांचे चार पट्टे एकाला एक लागून आहेत असे समजा. चौघांनी वेगवेगळी जाळी मारली तर एकूण ५,८०८ फूट जाळी आणि ५८० खांब. तेच चौघांनी मिळून बाहेरून एकच कुंपण घातले तर रान होते २६४ फूट बाय ६६० फूट, आणि जाळी लागते १,८४८ फूट, खांब १८५. एक तृतीयांशापेक्षाही कमी! माणशी ४६२ फूट. जिथे १,४५२ फुटांचे पैसे मोजायचे होते तिथे ४६२ फुटांचे.

यावर गावात पहिली हरकत कोणती निघते तेही ठाऊक आहे. मधले दोघे म्हणतात, "आमची लांब बाजू तर आतच आहे. आमच्या दोन्ही टोकांची मिळून १३२ फूट जाळी, तेवढेच पैसे आम्ही देणार." कडेचे दोघे म्हणतात, "मग आम्ही ७९२ फूट एकट्यानं का भरायचं?" बैठक इथेच मोडते आणि चौघेही उघड्यावर राहतात, नाहीतर चौघेही चार जाळ्या मारतात. अशा वेळी मी एकच सांगतो. कडेच्याने ७९२ फूट भरले तरी एकट्याच्या १,४५२ फुटांपेक्षा त्याचे ६६० फूट वाचतात. मधल्याने समान वाटा म्हणून ४६२ फूट भरले तरी त्याचे जवळजवळ हजार फूट वाचतात. कुठल्याही वाटणीने घ्या, तोट्यात कोणी जात नाही. वाद असतो तो फायदा कुणाला किती, एवढाच. तेवढ्यासाठी बाग डुकरांच्या हवाली करायची का, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझा अनुभव असा, की क्षेत्राप्रमाणे सरळ वाटा धरला तर कुरकुर कमी होते आणि पुढे दुरुस्तीलाही तोच हिशेब चालतो.

खर्च हा एक भाग झाला. एकट्याने जाळी मारली की दुसरे काय होते? डुक्कर उपाशी राहत नाही, ते शेजाऱ्याकडे जाते. घोडकाठच्या एका गावात मी हे पाहिले. थोरल्या भावाने डाळिंबाला जाळी मारली, त्या सालात धाकट्याच्या भुईमुगाचे वाटोळे झाले. धाकट्याने कर्ज काढून जाळी मारली, मग पलीकडच्या चुलत्याचा मका गेला. तीन वर्षांत चौघांनी चार जाळ्या मारल्या. दोन जाळ्यांच्या मधे दीड हाताचा बोळ राहिला. त्यात ना नांगर चालतो ना माणूस. गवत, घाणेरी माजली आणि त्याच बोळात डुकरांनी बस्तान मांडले. चौघांचे मिळून जे गेले त्यात एक चांगली बोअरवेल झाली असती. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते इथे शब्दशः खरे झाले.

सामाईक कुंपण घालायचे ठरले तर एक कागद जरूर करावा. घरचे असले तरी करावा, किंबहुना घरचे आहेत म्हणूनच करावा. त्यात चार गोष्टी लिहाव्यात. कुणाचा वाटा किती. दुरुस्ती कोण आणि कशी करणार. दरवाजे कुठे आणि किल्ल्या कुणाकडे. आणि चौथी महत्त्वाची गोष्ट, आतले बांध जिथे आहेत तिथेच राहतील, या जाळीने कुणाची मालकी वाढली किंवा घटली असे होणार नाही. सरपंच किंवा पोलीस पाटील यांच्यासमोर सह्या कराव्यात. वडीलधारे आहेत तोवर तोंडी शब्द चालतो. पुढच्या पिढीला कागद लागतो.

आता बाहेरच्या हद्दीचे. खांबाचा पहिला खड्डा घेण्याआधी मोजणी झालेली असावी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून हद्दीच्या खुणा कायम करून घ्याव्यात, आणि मोजणीच्या वेळी लगतच्या खातेदारांना हजर ठेवावे. जाळी बांधाच्या मधोमध लावू नये. आपल्या बाजूने दोन-तीन फूट आत घ्यावी. एवढी जागा गेली म्हणून हळहळू नये. जाळीला चढलेला वेल काढायला, तार ताणायला, खांब सरळ करायला बाहेरून जाता आले पाहिजे. शिवाय कोर्टाची एक तारीख त्या दोन फुटांपेक्षा महाग पडते.

तलाठी भाऊसाहेब (आता त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले आहे), पोलीस पाटील आणि पंचायतीची मंडळी यांना माझी खास विनंती आहे. कुंपणाचे निम्मे तंटे हद्दीचे नसतात, वाटेचे असतात. तीस वर्षे ज्या बांधावरून बैलगाडी जात होती तिथे एका रात्रीत जाळी उभी राहते आणि मागच्या चार शेतकऱ्यांचा ऊस रानात अडकतो. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ प्रमाणे वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा दूर करण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली हद्दीवरून रस्ता मागता येतो. २०२५ च्या मे महिन्यात महसूल विभागाने शेतरस्ते शक्यतो तीन ते चार मीटर रुंद ठेवण्याचा आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचा निर्णय केला. म्हणजे आज वाट अडवून मारलेली जाळी उद्या स्वखर्चाने काढावी लागणार. खांब रोवण्याआधी गावातच दोन शब्द बोलून वाट मोकळी ठेवली तर तहसीलला हेलपाटे पडत नाहीत.

खडकवासल्याचा कालवा असो की चासकमानचा, त्याच्या चाऱ्या आणि सेवारस्ताही आपल्या कुंपणात घेऊ नयेत. चारी जाळीच्या आत गेली की खालच्या शेतकऱ्याचे पाणी तुमच्या किल्लीवर येते, आणि मग भांडण पाण्याचे होते.

मेंढपाळांनाही विसरून चालणार नाही. दिवाळीनंतर मेंढरांचे वाडे घाटाकडे, कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या वाटा कुठल्या नकाशावर नसतात, गावाच्या माहितीत असतात. मेंढरे रानात बसवली तर खत मिळते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बागेभोवती जाळी जरूर असावी. पण मोकळ्या माळाला, पड रानाला सरसकट तारा ओढून मेंढरांना डांबरी रस्त्यावर ढकलू नये. माळावर आणखी एक मुकी वहिवाट आहे, ती चिंकाऱ्याची. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य दौंडच्या शेजारीच आहे, आणि चिंकारा काही अभयारण्याची हद्द वाचून चालत नाही. माळाच्या बाजूला काटेरी तार टाळावी. तीत अडकलेले हरीण तडफडून मरते.

आता प्रत्यक्ष काम. गड्याला ठेका देऊन मोकळे होऊ नये, पहिले दोन दिवस स्वतः उभे राहावे.

जाळी घेताना गेज बघावा. गेजचा आकडा जितका मोठा, तार तितकी बारीक, हे पुष्कळांना उलटे वाटते. १० गेजची तार सव्वातीन मिलिमीटरची असते, १२ गेजची सुमारे २.६ आणि १४ गेजची २ मिलिमीटर. डुकराचा त्रास असेल तर १२ पेक्षा बारीक तार घेऊ नये. दोन बंडले दिसायला सारखी दिसतात, फरक वजनात असतो. म्हणून जाळी फुटावर ठरली तरी काट्यावर ठेवून पाहावी. जस्ताचा मुलामा चांगला नसेल तर दोन पावसाळ्यांत तांबेरा चढतो.

खांब सिमेंटचा की लोखंडी अँगलचा, हे जमिनीवर ठरवावे. दौंडच्या कालव्याखालच्या खारवट, चोपण रानात लोखंड बुडाशी लवकर खाल्ले जाते. तिथे सिमेंटचा खांब बरा. मुरमाड रानात दोन फुटांचा खड्डा पुरतो. काळ्या रानात मात्र जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब कलतो. तिथे अडीच ते तीन फूट खोल जावे आणि काँक्रीट भरावे. पाच फूट उंच जाळीसाठी मुरमाड रानात सात फुटांचा आणि काळ्या रानात आठ फुटांचा खांब धरावा. दोन खांबांत आठ ते दहा फुटांपेक्षा जास्त अंतर ठेवू नये.

कुंपणाचा जीव कोपऱ्याच्या खांबात असतो. ताणलेल्या तारेचा सगळा ओढा त्याच्यावर येतो. कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी तिरके टेकू द्यावेत, आणि सरळ लांबीतही शंभर फुटांवर एक टेकूचा खांब घ्यावा. काँक्रीट सात-आठ दिवस मुरू द्यावे, पाणी मारावे, मगच तार ओढावी. मजुराला घाई असते, आपल्याला नसावी. वर, मध्ये आणि खाली अशा तीन आडव्या तारा आधी ताणाव्यात आणि जाळी त्यांना बांधावी. नुसती जाळी खांबाला अडकवली की वर्षभरात तिला झोळ पडतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खालची कड. रानडुक्कर जाळी चढत नाही, खालून मुसंडी मारते. आपण वरची उंची वाढवत बसतो आणि ते खालून उचलून आत येते. जाळी अर्धा ते एक फूट जमिनीत गाडावी. ते जमत नसेल तर खालची तार जागोजागी काँक्रीटमध्ये पकडावी आणि बाहेरून दगड रचावेत. ओढ्या-ओघळीवर जाळी सरळ ओढू नये. पहिल्या पुरात पालापाचोळा अडकून दोन्हीकडचे खांब आडवे होतात. तिथे वरून टांगलेली, पाण्याबरोबर उचलणारी सळ्यांची झडप करावी. दरवाजा बारा फुटांचा असावा म्हणजे ट्रॉली जाते, आणि त्याच्या खाली काँक्रीटचा उंबरा घालावा. चांगली जाळी मारून दरवाजाखाली हातभर फट ठेवलेल्या बागा मी कितीतरी पाहिल्या आहेत.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही जाळी डुकरासाठी, मोकाट जनावरांसाठी आहे, बिबट्यासाठी नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन लेकरे होती. पाच फुटांची जाळी बिबट्या सहज ओलांडतो. बागेला जाळी आहे म्हणून पोरांना अंधारात पाण्याच्या पाळीवर पाठवू नये. शेळ्या-कालवडींच्या गोठ्याला मात्र चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी बंद करावी. त्या चार पत्र्यांइतक्या जागेला फार जाळी लागत नाही.

शेवटचा मुद्दा, आणि तो लिहिताना हात जड होतो. जाळी परवडत नाही म्हणून काही जण रात्री खांबावरून आकडा टाकून साध्या तारेत वीज सोडतात. "डुकरासाठीच सोडलीय, सकाळी काढतो," असे म्हणतात. २३० व्होल्टची ही वीज धरलेल्याला सोडत नाही. तिला डुक्कर आणि माणूस यातला फरक कळत नाही. रात्रीच्या लाइटीवर मोटार चालू करायला निघालेला शेजारी, खुरपायला लवकर आलेली मजूर बाई, सकाळी तार काढायची विसरलेला स्वतः मालक, यांतला कुणीही सापडतो. २०२४ च्या जूनमध्ये दौंड तालुक्यातल्या दापोडीत कपडे वाळत घालायच्या तारेत वीज उतरली आणि एकाच घरातली तीन माणसे गेली. ती तार कुंपणाची नव्हती आणि तीत वीज कुणी मुद्दाम सोडलेली नव्हती. न सोडलेली वीज एवढा घात करते, तर सोडलेली काय करील? त्यात माणूस दगावला तर मालकावर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो, वीजचोरीचा वेगळा, आणि वन्यप्राणी मेला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आणखी एक.

झटक्याचे कुंपण हवेच असेल तर सौर यंत्राचे घ्यावे. त्यात साधारण सेकंदाला एकदा, क्षणभरच झटका येतो. जनावर बिचकून मागे सरते, चिकटून राहत नाही. अशा सौर कुंपणासाठी वन विभागाने डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान दिले आहे. आपले गाव त्यात बसते का, याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात समक्ष करावी; शिरूरचे काम जुन्नर वन विभागाकडे आणि दौंडचे पुणे वन विभागाकडे येते. मोबाइलवर फिरणाऱ्या "नव्वद टक्के अनुदान" अशा निरोपांवर कुणाला आगाऊ पैसे देऊ नयेत. साध्या जाळीच्या बाबतीतही ती महावितरणच्या खांबाला किंवा ताणाला बांधू नये, आणि वरून लाइन जात असेल तर जाळीला अर्थिंग करून घ्यावे. जाळीआधीच नुकसान झाले असेल तर फोटो काढून तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे अर्ज द्यावा. उशीर झाला की पंचनामा करायला काही उरत नाही.

बागेला जाळी मारण्याआधी एक संध्याकाळ काढा. लगतच्या तिघा-चौघांना विहिरीवर किंवा देवळापाशी बोलवा, टेप घेऊन रान मोजा आणि फुटांचा हिशेब सर्वांसमोर मांडा. त्यात न बोलणारा भाऊ असेल तर त्यालाही बोलवा. पहिला निरोप थोरल्याने धाडावा. १,४५२ आणि ४६२ हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिले की पुष्कळ अबोला आपोआप सुटतो, असे मी एकदा नव्हे, दोन-तीनदा पाहिले आहे. ज्या गावाला असा हिशेब करायचा असेल त्यांनी गावच्या कृषी कर्मचाऱ्याला टेप धरायला जरूर बोलवावे. ते आमचे कामच आहे.